अंतरपाट धरण्याआधी

लग्नाला दहा दिवस उरले असताना फोटोग्राफरचा मेसेज आला. ‘मुहूर्त ११.४२चा आहे, तेव्हा स्टेजवर गर्दी असेल. सकाळी साडेसातला मागच्या बागेत फर्स्ट लुक घेऊ या का? लाइट छान मिळेल.’

फर्स्ट लुक म्हणजे तो पाठमोरा उभा राहणार, मी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तो वळणार आणि मला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा चेहरा करणार. आम्ही चार वर्षं एकमेकांना ओळखतो. मला डेंग्यू झाला तेव्हा माझ्या उलट्यांची बादली त्याने धुतली आहे. पहिल्यांदा पाहायचं असं काय उरलंय?

मी आजीला विचारलं. ती मटार सोलत होती. वर न बघता म्हणाली, “मग अंतरपाट कशाला धरतात?”

गौरीहरापुढून मामा उठवून आणेल, दोघांमध्ये कापड धरतील, शेवटचं ‘सावधान’ झालं की ते बाजूला होईल आणि तेव्हाच पाहायचं. आजीच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने नव्हता. मी विचारलं, “तू आजोबांना पहिल्यांदा तेव्हाच पाहिलंस?”

“छे गं. मान वर करायची सोय होती का? मी आधी पाय पाहिले. कापड कुठे जमिनीपर्यंत पोचतं? पाटावर अंगठे घट्ट दाबून उभे होते. म्हटलं, हेही घाबरलेत तर.”

ऐकायला हे गोड वाटतं. मीही लगेच मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं आणि बदाम मिळवले. पण रात्री वाटलं, यात गोड काय आहे? आजी सोळा वर्षांची होती. तिला सासऱ्यांनी पाहून पसंत केलं होतं. तिने कुणाला पाहावं, काही विचारावं, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. तिच्या बाबतीत तो अंतरपाट काही महिने आधीच धरला गेला होता. मांडवात तो फक्त सगळ्यांना दिसला. जे तिच्यावर लादलं गेलं, ते मी हौस म्हणून करायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं, हे मला खोटं वाटलं. बागेतलं साडेसातचं नाटकही तितकंच खोटं होतं.

मग खरं काय करायचं? जोतीराव फुल्यांनी यावर एक उत्तर देऊन ठेवलं आहे. 1873मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. सत्यशोधक लग्नासाठी त्यांनी जी मंगलाष्टकं रचली, त्यांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. वधू म्हणते, आम्हा बायकांना स्वातंत्र्य कसं असतं ते माहीतच नाही, तर स्त्रियांचे हक्क देण्याची शपथ घे. वर तसं वचन देतो. 1954च्या विशेष विवाह कायद्यातही अंतरपाट लागत नाही, पण तीन साक्षीदारांसमोर, दोघांना समजेल अशा भाषेत, एकमेकांना उद्देशून बोलावं लागतं. एकमेकांना कधी पाहिलं, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. काय बोललात, हे मात्र दोन्हीकडे महत्त्वाचं आहे.

हे सगळं मी त्याला मोठ्या उत्साहाने फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मला एक सांगायचंय.” त्याच्या भावाच्या धंद्यासाठी काढलेल्या चार लाखांच्या कर्जाला तो जामीन होता, आणि भावाचे हप्ते थकले होते.

रकमेचा राग नव्हता. राग आठवड्याचा होता. पत्रिका वाटून झालेल्या, हॉलचे पैसे भरलेले, मामाचं तिकीट काढलेलं. अशा वेळी सांगणं म्हणजे सांगणं आहे का? समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा असते, तोवर सांगितलेल्यालाच ‘आधी सांगितलं’ म्हणता येतं. नंतर सांगितलं तर ती फक्त खबर असते.

हे मी त्याला सुनावलं. सुनावता सुनावता मला माझं आठवलं. मी ऑफिसात बंगळूरच्या जागेसाठी अर्ज केला होता, दोन महिन्यांपूर्वी. निकाल लग्नानंतर लागणार होता. मी मनाला समजावलं होतं की अजून काही ठरलंच नाही, मग सांगायचं काय? निकाल मलाही माहीत नव्हता, हे खरं होतं. पण अर्ज मला माहीत होता.

तिथे मला अंतरपाट नीट कळला. लग्नात काही गोष्टी दोघांनाही दिसत नाहीत. कोण आजारी पडेल, कुणाची नोकरी जाईल, दहा वर्षांनी आपण कसे वागू, हे कुणाला ठाऊक नसतं. म्हणून तर वचन द्यावं लागतं. सगळं दिसत असतं तर वचनाची गरजच नव्हती. हा पडदा प्रामाणिक आहे, कारण दोघंही त्याच्या अलीकडे आहेत. पण जे एकाला दिसतंय आणि दुसऱ्याला नाही, ते सावधान म्हणण्याच्या आधी, परत फिरता येईल तेव्हाच, समोर आलं पाहिजे. नाहीतर ‘सावधान’ नुसताच म्हणायचा.

मी अर्जाचं सांगितलं. मग दोन दिवस आम्ही बोललो नाही. ते दोन दिवस लग्न मोडू शकत होतं, आणि ते तसं मोडू शकत होतं म्हणूनच पुढचा होकार खरा होता, असं आता वाटतं. तिसऱ्या दिवशी तो कर्जाचे कागद घेऊन आला, मी अर्ज उघडून दाखवला. आम्ही हिशोब केला, भांडलो, वडापाव खाल्ला.

फोटोग्राफरला नाही म्हणून कळवलं. परंपरेसाठी नव्हे. पाहायचं ते पाहून झालं होतं आणि त्याला लाइट बरा नव्हता.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं लांबली. कुणाची तरी मावशी माइक सोडेना. मी मान खाली घातली. कापडाखाली त्याचे पाय दिसत होते. अंगठे पाटावर घट्ट दाबलेले.