विकत घेतले ते सारेच आपले काय?

संगणक बिघडला म्हणजे त्याच्या पोटातले सारे गेले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये बसवली की बाहेरून जोडता येते. साडेतीन इंचीला मात्र 12 व्होल्टचा निराळा पुरवठा लागतो. चालू वस्तू भंगारात जाऊ नये, हे चांगलेच.

शब्बाथशाळेचे धडे ठेवण्यासाठी आम्ही दुरुस्तीच्या एका दुकानातून अशी डिस्क घेतली. जोडताच एका अनोळखी कुटुंबाची छायाचित्रे, बँकेचे कागद आणि आजारपणाचे अहवाल समोर आले. कबूल करतो, दोन-चार छायाचित्रे आम्ही पाहिली. मग मनाला टोचले.

कोणी म्हणेल, पैसे मोजले, तेव्हा आतले सारे आपलेच. पण पैसे मोजले ते डिस्कचे. जुना कोट विकत घेतला आणि खिशात कोणाचे पत्र सापडले, तर कोट आपला, पत्र नव्हे. मग लगेच पुसून टाकावे काय? तेही बरोबर वाटेना. त्या घरी दुसरी प्रत नसली तर? भावाची हरवलेली वस्तू सापडल्यास पाहूनही न पाहिल्यासारखे करू नये, तो शोधत येईपर्यंत सांभाळावी, असे अनुवादाच्या 22 व्या अध्यायात सांगितले आहे.

आम्ही दुकानदाराकडे परत गेलो. त्याने मूळ मालकांना बोलावले. ते गृहस्थ म्हणाले, "यंत्रच मेले, म्हणून आशा सोडली होती." डिस्कमध्ये त्यांच्या दिवंगत आईची छायाचित्रे होती. ती त्यांनी उतरवून घेतली आणि बाकीचे आम्ही त्यांच्यासमोरच पुसले.

जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे. अशा डिस्कवर 'डिलीट' केले की बहुधा यादीतले नाव तेवढे खोडले जाते. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच राहतो. गारफिंकेल व शेलात ह्या अमेरिकेतील संशोधकांनी 158 जुन्या डिस्का विकत घेऊन तपासल्या व 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 129 चालू होत्या. त्यांपैकी नीट पुसलेल्या फक्त 12.

मंडळीच्या संगणकात तर सभासदांची दाने आणि अडचणींची पत्रेही असतात. तो देऊन टाकण्यापूर्वी हवे ते उतरवून घ्यावे आणि विंडोजमध्ये 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. त्याला काही तास लागतात. ज्यांनी विश्वासाने आपले दुःख आम्हांला लिहून कळवले, त्यांच्यासाठी तेवढे तास फार नाहीत.