इंजिनाचा नंबर

ग्राइंडर बंद केला तेव्हा इंजिनाच्या ब्लॉकवरची बोटभर पट्टी चकचकीत झाली होती. त्या पट्टीवर आधी आकडे होते. ते मीच घासून काढले होते. शेजारी फडक्यावर शून्य ते नऊ असे पंच मांडून ठेवले होते. आता फक्त दुसरे आकडे ठोकायचे बाकी होते. तेवढ्यात काका जेवून परत आले.

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुला?"

सांगितलं होतं शेठनी. गाडी त्यांची. १९५८ची मर्सिडीज २२० एस. सहा सिलिंडर, २.२ लिटर, गोलसर फुगीर अंगाची, जिला शौकीन लोक 'पाँटन' म्हणतात. गोडाऊनमधून आमच्या गॅरेजात आली तेव्हा तिच्या डिक्कीत उंदरांचा संसार होता.

अशी गाडी आली की पाना नंतर हातात घ्यायचा, आधी तिची ओळख पटवायची. चासी नंबरची सुरुवात १८० या आकड्यांनी होते का, पाहायचं. प्लेटवरचा आणि पत्र्यावरचा नंबर एकच आहे का, ताडायचं. डिक्कीच्या कार्पेटखाली, डॅशबोर्डच्या मागे, जिथे नंतरच्या पेंटरचा हात पोचत नाही, तिथे मूळ रंग शोधायचा. कारखान्यातून निघताना प्रत्येक गाडीचं एक डेटा कार्ड बनलेलं असतं. त्यात चासी, इंजिन, रंग, सीटचं कापड, सगळ्याची नोंद असते. ते मिळालं की समोरच्या गाडीशी एकेक ओळ जुळवत जायची. पहिल्याच दिवशी मोबाईलवर दोनेकशे फोटो काढायचे, हा काकांचा नियम.

आमच्या पाँटनचं बाकी बरंच जुळलं, इंजिन मात्र जुळेना. मधल्या काळात कुणीतरी पेट्रोल परवडत नाही म्हणून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं होतं. मूळ इंजिन कधीच भंगारात गेलं असणार. शेठनी खटपट करून त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन मिळवलं. एका मेलेल्या २२० एसचं. मग काका नसताना मला म्हणाले, "डेटा कार्डावरचा नंबर तेवढा यावर टाकून घे. दोन तासांचं काम आहे."

या धंद्यात 'मॅचिंग नंबर्स' या दोन शब्दांना फार किंमत आहे. चासी आणि इंजिन जन्मापासून एकत्र असले की गाडीचा भाव चढतो. मला ते माहीत होतं, तरी मी ग्राइंडर उचलला. कारण माझ्याकडे एक युक्तिवाद होता आणि तो मला तेव्हा बिनतोड वाटत होता.

तो असा. या गाडीचा फ्लोअर आम्ही नवा केला. सडलेला पत्रा कापला, नवा वेल्ड केला. वायरिंग नवं, सीटचं लेदर नवं, क्रोम नव्याने चढवलेलं. याला जग रिस्टोरेशन म्हणतं. मग त्याच जातीच्या इंजिनावर मूळ आकडे टाकले तर ती फसवणूक कशी?

काका म्हणाले, "अरे, फ्लोअर काही बोलत नाही. नंबर बोलतो."

मला ते पटलं नाही. लगेच तर नाहीच.

नंतर मी ओल्ड नंबर वनची गोष्ट वाचली. ही बेंटली स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ले मान्सची शर्यत जिंकलेली. पुढे तिचे भाग बदलत गेले, इंजिनही बदललं. १९३२ साली ब्रुकलँड्सवर अपघात झाला, त्यात चालक क्लाइव्ह डन्फी गेला. मग तिच्यावर वेगळीच बॉडी चढली. १९९०मध्ये ती १ कोटी पौंडांना विकायचा करार झाला, आणि घेणाऱ्यांनी मागे हटत सांगितलं की ही ती गाडी नव्हेच. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. शर्यतीतल्या गाडीचं लोखंड आता जवळजवळ उरलेलं नाही, हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केलं. तरीही निकाल दिला की ही ओल्ड नंबर वनच आहे. बदल हळूहळू झाले, गाडीने ते आपल्यात सामावून घेतले, तिचा प्रवास कुठे तुटला नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही.

वाचून मी खूश झालो. बघा, लोखंड महत्त्वाचं नाहीच! मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला हेच विचारतो ना? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? सगळ्याला नाही म्हणावं लागतं. रथ हे त्या सगळ्याच्या जुळणीला दिलेलं नाव.

पण मग लक्षात आलं की हा निकाल माझ्या बाजूचा नाही. ती बेंटली जिंकली ती तिच्या प्रवासामुळे, आणि त्या प्रवासात इंजिन बदलल्याचीही नोंद होती. मी नेमका प्रवासच खोडायला निघालो होतो. टेम्पोच्या इंजिनावर काढलेली वर्षं, ज्याने ते बसवलं त्याची तंगी, दुसऱ्या मेलेल्या गाडीचं दान, हे सगळं सात-आठ ठोक्यांत गायब झालं असतं. नवा पत्रा म्हणतो, मी पत्रा आहे. ते खरंच असतं. खोटा नंबर म्हणतो, मी इथेच होतो. तो तिथे नव्हता.

आपल्याकडचा कायदाही इथे अडखळतो. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा. हेतू चांगला आहे. पण पन्नास वर्षं या देशातल्या रस्त्यांवर जगलेल्या गाडीला 'तू बदलली नाहीस ना?' असं विचारलं की तिचा मालक खोटं बोलायला शिकतो. शेठही तिथेच शिकले असावेत.

शेवटी काय केलं? पहिल्या दिवसाच्या नियमाने वाचवलं. ते दुसरं इंजिन आलं तेव्हाही मी फोटो काढले होते. त्याचा स्वतःचा नंबर त्यात स्पष्ट होता. काकांनी आरटीओत अर्ज केला, झालेली चूक लिहून दिली, रीतसर परवानगी घेतली आणि मग मला तेच पंच हातात दिले. "आता त्याचंच नाव त्याला परत दे."

हात तोच, पंच तेच, लोखंड तेच. आकडे दोन्ही वेळा नवेच असणार होते. तरी एक खोटं होतं आणि एक खरं. अस्सलपणा धातूच्या वयात नसतो, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

शेठ नाराज झाले. गाडी घेऊन गेले, पण ठरलेल्या दुसऱ्या दोन गाड्या आमच्याकडे आल्या नाहीत. काकांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. ते मला जास्त लागलं.

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. उद्या कुणी जाणकार भिंग घेऊन तो ब्लॉक पाहील, तेव्हा त्याला घासलेली पट्टी आणि ताजे ठोके दिसतील. तो म्हणेल, इथे काहीतरी गडबड आहे. नंबर खरा असूनही आता कायम खोट्यासारखा दिसणार. म्हणून गाडीच्या फाइलमध्ये एक कागद आहे. कधी घासला, का घासला, पुन्हा काय ठोकलं, सोबत जुना फोटो. खाली माझी सही आहे.

गाडी विकली जाईल तेव्हा तो कागद फाइलमध्ये राहील का, मला माहीत नाही. त्याची एक प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे.