आखणाऱ्याची सचोटी

वस्तू घडते ती कापताना, असा आपला सर्वसाधारण समज असतो. करवतीचा आवाज होतो, भुसा उडतो आणि काहीतरी घडत असल्याची खात्री पटते. त्याआधीची आखणी मात्र मूक असते. सुतार कानावरची पेन्सिल काढतो, गुण्या लावतो, रेघ मारतो. पाहणाऱ्याला ती नुसती पूर्वतयारी वाटते. परंतु कामातला नैतिक निर्णय पुष्कळदा त्या रेघेतच होऊन गेलेला असतो. करवत त्याची फक्त अंमलबजावणी करते. लाकडाच्या बाबतीत हे सहसा जाणवत नाही, कारण लाकूड आपले रेषे उघड दाखवते आणि फसवणाऱ्याला तिथे फारसा वाव उरत नाही. कार्बन फायबरची शीट बरेच काही झाकून ठेवते. म्हणून तिची आखणी हा सचोटीचा प्रश्न ठरतो.

या द्रव्याचा एकेक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो. अशा हजारो तंतूंचे पेड इपॉक्सी राळेत बसवून शीट तयार होते. तंतूंच्या दिशेने तिची ताकद विलक्षण असते. आडव्या दिशेने भार आला तर तो जवळजवळ एकट्या राळेला पेलावा लागतो. सर्व तंतू एकाच दिशेला असलेल्या शीटचा कडकपणा आडव्या बाजूने दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. उभे-आडवे विणलेली शीट ४५ अंशांत तिरपी कापली, तर तो सुमारे चौथ्या हिश्शावर येतो. कापड बेतणाऱ्या शिंप्याला उभा धागा, आडवा धागा आणि तिरपा काप यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. मात्र शिंप्याची चूक अंगावर घातलेल्या सदऱ्यात दिसते. इथे ती दिसत नाही, कारण पुष्कळ शीटवर शोभेसाठी विणलेला एक थर असतो आणि आतल्या थरांतले तंतू कोणत्या दिशेला धावतात याची साक्ष तो देत नाही.

आखणीची रीत तशी साधी आहे. काळ्या, चकाकत्या पृष्ठभागावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून मास्किंग टेप चिकटवून तिच्यावर रेघ मारतात. कापताना कडा उसवू नयेत यासाठीही ती टेप उपयोगी पडते. टोकदार सुईने ओरखडा काढून खूण करू नये, कारण तो ओरखडा वरचे तंतूच तोडतो. पात्याची जाडी हिशेबात धरून रेघेच्या बाहेरून कापावे आणि उरलेला अर्धा-एक मिलिमीटर ओल्या पॉलिश पेपरने घासून रेघेपर्यंत आणावा. ती काळी धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क हवाच. हे सारे हाताचे कौशल्य झाले. मनाची परीक्षा पुढेच आहे.

असे कल्पू या, की पायाच्या अंगठ्याचा सांधा ताठर झाल्याने पाऊल टाकणेही जिवावर येणाऱ्या एका माणसाच्या जोड्यात घालण्यासाठी पातळ पट्टी कापायची आहे. चालताना अंगठा वाकू द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. पावलाचा कागदी नमुना समोर आहे. तंतू टाचेपासून बोटांकडे जायला हवेत; पण तसा नमुना ठेवला तर शीटमध्ये चारच पट्ट्या बसतात, आडवा फिरवला तर पाच. शीट महाग आहे. पाचवी पट्टी दिसायला पहिल्या चारांसारखीच असेल, वजनालाही तेवढीच भरेल. ती घेणारा डोळ्यांनी काही ओळखू शकणार नाही. त्याला कळेल ते पावलाने, आणि तेव्हाही तो बहुधा आपल्या दुखण्यालाच दोष देईल.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो: आराखडा करणारा गरजेपेक्षा जास्त ताकद धरूनच चालतो, थोडी कमी झाली म्हणून काय बिघडले? मला हा युक्तिवाद सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. तशी शिल्लक खरोखरच ठेवलेली असते. पण ती ठेवलेली असते अज्ञातासाठी: वाट्याला येणारा खड्डा, अकस्मात पडलेला भार, राळेत राहून गेलेला हवेचा बुडबुडा. आखणाऱ्याने जाणूनबुजून केलेली काटछाट तिच्यातून भागवणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीतून आपला खर्च चालवणे होय. पट्टी मोडली नाही, तरी ठेव कमी झालेलीच असते. ज्याचे नुकसान उघडकीस येत नाही ते नुकसानच नव्हे, असे मानणाऱ्या सद्सद्विवेकबुद्धीला झोप लागली आहे असे खुशाल समजावे.

या द्रव्याचा एकांगीपणा मोठमोठ्यांनाही महागात पडला आहे. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी-२११ या विमान इंजिनासाठी कार्बन फायबरची पाती घडवली होती. १९७० साली पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. तेथे लबाडी नव्हती. पाते फिरताना ज्या दिशेने ताणले जाते तिथे ते भक्कम होते, धक्का मात्र दुसरीकडून आला. शिवाय त्यांनी चाचणी घेतली. एकाच माणसासाठी कापलेल्या एकुलत्या एका पट्टीची चाचणी कोण घेतो?

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. नासाडी हाही दोषच आहे. इतक्या खटपटीने, इतकी ऊर्जा जाळून तयार झालेले द्रव्य कचऱ्यात टाकणे काही सद्गुण नव्हे. नुसते झाकण किंवा शोभेची पट्टी कापायची असेल तर नमुना खुशाल फिरवावा. तिथे काटकसर हाच धर्म. तेव्हा दोष फिरवण्यात नाही, तो गुपचूप फिरवण्यात आहे. आराखडा करणाऱ्याला एक प्रश्न विचारला, घेणाऱ्याला एक वाक्य सांगितले, की तीच कृती प्रामाणिक होते. विचारायला जीभ रेटत नसेल, तर उत्तर आपल्याला ठाऊक असते म्हणूनच.

आता अनेक ठिकाणी संगणकच शीटवर तुकडे मांडतो आणि यंत्र ते कापते. पण तुकडा फिरवण्याची मुभा द्यायची की नाही, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. रेघ हातातून गेली. निर्णय गेला नाही.

उरलेल्या तुकड्यांची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. पूर्ण शीटवर तंतूंची दिशा दाखवणारी खूण असली, तरी कापल्यावर ती एकाच तुकड्याबरोबर जाते आणि बाकीचे तुकडे मुके होतात. जाणता कारागीर म्हणूनच कापण्यापूर्वी प्रत्येक उरणाऱ्या भागावर टेप लावून एक बाण काढतो. त्याचा फायदा त्याला स्वतःला क्वचितच मिळतो. सहा महिन्यांनी तो तुकडा फळीवरून उचलणारा दुसराच कोणी असतो. आणि बाण नसलेला तुकडा हाती आलाच, तर त्याच्या कडेच्या दोन अरुंद पट्ट्या कापाव्यात, एक उभी, एक आडवी, आणि दोन्ही हाताने वाकवून पाहाव्यात. कोणती सहज वाकते ते बोटांना लगेच कळते. तेवढाही तुकडा शिल्लक नसेल, तर त्याची झाकणेच करावीत.