खर्च एका वहीत, मरण दुसरीत

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. पुढे जे व्हायचं ते झालं. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं होती की नव्हती, यावर वाद रंगला. या गदारोळात रुग्णालयाचा एक खुलासा सारवासारव ठरून मागे पडला: बरेच रुग्ण बाहेरून, अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते. सारवासारव असेलही, पण इकडच्या माणसाला ती खोटी वाटणार नाही.

कारण वाट ठरलेली आहे. मुखेड-किनवटकडचं माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातं, मग नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये. होय, दवाखान्यांची अख्खी गल्लीच आहे ती. तिथे डिपॉझिट, तपासण्या, खालच्या मेडिकलवरची चिठ्ठी. सोयाबीनचे पैसे संपतात, मग गळ्यातलं मोडतं, मग पाव्हण्यांकडे हात पसरावे लागतात. तेही आटलं की कुणीतरी हळूच म्हणतं, आता सरकारीत न्या. पैसा खासगी वहीत जमा होतो आणि मृत्यूची नोंद सरकारी वहीत. मग आपण दोन्ही वह्या वेगवेगळ्या वाचतो आणि म्हणतो, बघा, सरकारीत माणसं मरतात.

आरोग्यावर पैसा घातला की आरोग्य सुधारतं, ही समजूत वाटते तितकी जुनी नाही. स्वातंत्र्याआधीच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. त्या उपसमितीने दवाखान्यांच्याही आधी माणसं मागितली, दर हजार लोकांमागे एक आरोग्यसेवक. १९४६ च्या भोर समितीनेही उपचार आणि प्रतिबंध एकाच छपराखाली आणायला सांगितलं, आणि ऐपत नाही म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये असं बजावलं. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादचा उस्मानिया.

मराठवाड्यात मग मागणी रुजली ती एकच: आमच्याकडे मेडिकल कॉलेज द्या. अंबाजोगाईला १९७४ मध्ये मिळालं, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. मागणी रास्तच होती. पण उपकेंद्रात नर्सबाई मुक्कामी राहावी म्हणून कुणी रास्ता रोको केल्याचं मला आठवत नाही. लातूरने तर डॉक्टर घडवायचा पॅटर्नच काढला. नीटच्या क्लासवर घरं जो पैसा ओततात तो आरोग्यावरचा खर्च धरायचा का, हा प्रश्न अगदीच चेष्टेचा नाही. तो वसूल कुठून होतो ते पाहा.

खासगी म्हणजे सरसकट धंदा, असंही नाही. लातूरचं विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये उभारलं, तेही सरकारी नव्हतं. बीडला लागून असलेल्या जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. त्याच वर्षी फिल्मर आणि प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांचे आकडे ताडून मांडलं की, सरकारने आरोग्यावर किती खर्च केला यावरून बालमृत्यूंतला फरक फारसा उलगडत नाही. उत्पन्न, विषमता आणि बायकांचं शिक्षण यांवरून उलगडतो. बाजारवाद्यांना हे आवडलं. मला त्यातून वेगळं दिसतं: आजार विकोपाला गेल्यावर मोठ्या इमारतीत ओतलेला पैसा आणि गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेवर घातलेला पैसा, हे एका बेरजेत घालायचे आकडेच नव्हेत.

सोखींचा 'हजारामागे एक' माणूस २००५ नंतर 'आशा' होऊन आला, तोही पगाराऐवजी मोबदल्यावर. आणि २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. हृदयाच्या, किडनीच्या ऑपरेशनला शेत विकावं लागू नये ही सोय मोठीच, तिला नाव ठेवायला जीभ रेटत नाही. पण कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर. बीपी-शुगरची रोजची गोळी, अंगावर काढलेला ताप, तिसऱ्या महिन्यातली तपासणी हे बहुतेक खिशातूनच.

आणि खिशातला पैसा कधी कधी आरोग्य घेऊनही जातो. बीडमध्ये २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली; त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अनेकींनी त्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. खर्च झाला, तोही कर्जाने, आणि तिशीतल्या बायका कायमच्या अशक्त झाल्या.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. कोरोनाच्या वर्षाचा आकडा आहे, जपून वाचावा. त्या वर्षीही सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के कबूल केले होते. अडीच टक्के हवेतच, पण ते खालून वर चढत गेले पाहिजेत, आधी उपकेंद्र आणि मग अतिदक्षता कक्ष.

तोवर निदान एक करता येईल. सरकारी रुग्णालयातल्या प्रत्येक मृत्यूच्या नोंदीत रुग्ण आधी कुठे होता, किती दिवस होता आणि तिथे किती पैसे भरले, हे तीन रकाने घाला आणि दर वर्षी जिल्हावार छापा. त्याला ना नवी इमारत लागते ना नवा निधी.