घोटभर कमी

रविवारी सकाळी गाडी पुसून झाली की बॉनेट उघडायचं, कूलंटच्या पांढऱ्या टाकीत डोकवायचं, पातळी खालच्या रेघेपर्यंत उतरलेली दिसली की बाटलीतलं घोटभर पाणी ओतायचं आणि झाकण लावून टाकायचं. चारएक महिने माझा हा नेम सुरळीत चालला होता. शेजारचे म्हणायचे, गाडी कशी जपावी ते तुमच्याकडून शिकावं. मीही ते मनावर घेतलं होतं.

मे महिन्यात साताऱ्याला जायचं होतं. उन्हात खंबाटकी चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या पुष्कळदा पाहिल्या आहेत, म्हणून आधी गॅरेजला दाखवून आणावी म्हटलं. रविवारच्या नेमाचं बोलता बोलता सांगून टाकलं. मेस्त्री हात पुसत म्हणाला, "काका, चार महिने टाकताय, मग ते जातंय कुठं हे नाही बघितलं?"

"खाली थेंबसुद्धा पडत नाही हो. उन्हाळा आहे, उडत असेल."

"उडायला ती काय परात आहे?"

बरोबरच होतं त्याचं. कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. तापलं की फुगून टाकीत येतं, निवलं की परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. दर आठवड्याला घोटभर कमी होतंय, म्हणजे कुठंतरी वाट फुटली आहे. मग जमीन कोरडी कशी? याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. माझ्या गाडीच्या झाकणावर 1.1 असा आकडा आहे. बाहेरच्या हवेपेक्षा तितके बार जास्त दाब ते आत धरून ठेवतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नाही. त्या दाबानं केसाएवढ्या फटीतूनही फवारा उडतो, पण तापलेल्या लोखंडावर पडून तिथंच सुकतो. गाडी दारात येऊन निवली की दाब संपतो आणि गळतीही थांबते. सकाळी वाकून खाली बघणाऱ्याला फरशी कोरडीच दिसणार.

म्हणून मेस्त्रीनं उलटं केलं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, झाकण काढून तिथं घड्याळ लावलेला हातपंप बसवला आणि सायकलमध्ये हवा भरावी तसा झाकणावरच्या आकड्यापर्यंत दाब भरला. "आता चहा घ्या," म्हणाला. चहा संपेपर्यंत काटा उतरला होता.

मग बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन तो आत शिरला. खालच्या पट्टीवर हिरवट ओल मलाही दिसली, मी बोट दाखवलं. त्यानं तिकडं पाहिलंही नाही. पाणी उतारानं वाहत येतं. ओल दिसते तिथं फक्त मुक्काम, गाव वर असतं. सगळे होज आणि त्यांच्या क्लिपा चाचपून तो वॉटर पंपापाशी थांबला. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक होतं आणि त्याच्याखाली वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा पापुद्रा, नळाच्या तोटीवर क्षार साठतात तसा.

मला वाटलं, हेच ते भोक, बुजवलं की झालं. तर ते भोक कारखान्यातूनच पाडून आलेलं असतं! पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर यावं आणि मालकाला कळावं, एवढ्यासाठी. काहीजण त्यात एम-सील भरून आणतात, असं तो सांगत होता. मला हसायला आलं आणि लगेच ओशाळायलाही झालं. टाकीवरची रेघसुद्धा त्याचसाठी आहे की. गाडी दर रविवारी एकच गोष्ट सांगत होती आणि मी दर रविवारी घोटभर पाणी ओतून ती पुसत होतो. वर डबल पाप म्हणजे, साधं पाणी ओतत राहिल्यानं कूलंट पातळ होत गेलं होतं.

ट्रकवाल्यांची हळदीची युक्ती मी विचारून पाहिली. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गाव गाठलेले लोक आहेत, पण ती हळद नंतर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र हेड गॅसकेट गेलं समजायचं, मग युक्तीही नाही आणि घाटही नाही. आणि एक गोष्ट त्यानं दोनदा बजावली: तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. पाणी पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खालीच राहू शकतो.

पंप बदलायला दुपार गेली. जुनं कूलंट त्यानं डब्यात धरून ठेवलं. चवीला ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, त्यामुळे गटारात सोडायचं नाही. नवं भरताना हीटर चालू ठेवून, होज दाबत दाबत आतली हवा काढली. बुडबुडे थांबेपर्यंत झाकण लावलं नाही.

निघताना त्यानं मार्करनं टाकीवर पातळीची खूण केली आणि शेजारी तारीख घातली. साताऱ्याला जाऊन आलो. त्याला आता पाच रविवार झाले. पाणी खुणेवरच आहे, बाटली कुंडीजवळ ठेवली आहे.