एका पंख्याएवढे

गौरी-गणपती बोळवून झाल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरात एका वस्तूवरून वाद उभा राहिला. वस्तू तळहाताहून थोडी मोठी. संगणकाच्या पेटीत बसवायचे एक कार्ड. ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. पडद्यावरची चित्रे रचण्याचे ओझे संगणकाच्या मुख्य मेंदूवरून उचलून आपल्या अंगावर घेणारा हा दुय्यम मेंदू. आयुष्यभर खडू धरून निवृत्त झालेल्या मास्तराने या भानगडीत पडू नये, हे मलाही कळते. पण पैसे माझे लागणार होते. आणि ज्याचे पैसे त्याचे मत, हा आपल्याकडचा जुना कायदा आहे.

आमचे गाव निडी. नागोठणे सुटले की रोह्याच्या अलीकडे जे लहानसे स्टेशन लागते, ते आमचे. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला भातखाचरे आणि फलाट, याखेरीज काही दिसत नाही. माझी नात याच गाडीने पेणला जाते. पेणच्या गणपतींची ओळख वाचकांना करून द्यायला नको; त्यांतला एखादा आपल्याही मखरात बसून गेला असेल. तिथल्या एका कारखान्यात ती दोन हंगाम काम करते आहे. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासणे, अस्तराचा रंग देणे, ही तिची कामे. डोळ्यांची आखणी अजून कोणी तिच्या हाती दिलेली नाही. तिच्या मनात असे, की मूर्तीचा नवा नमुना आधी पडद्यावर घडवावा, चहूकडून फिरवून पाहावा, आणि मग तो शाडूत उतरवावा. यासाठी ब्लेंडर नावाचा एक प्रोग्रॅम आहे आणि तो फुकट मिळतो. (तो काढणारी हॉलंडमधली कंपनी बंद पडली, तेव्हा 2002 साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून तो सर्वांसाठी खुला करून घेतला. वर्गणीतून देऊळ बांधलेले पुष्कळ पाहिले. वर्गणीतून अवजार मोकळे केलेले हे मी पहिलेच ऐकले.)

अडचण पेटीची होती. आमचा संगणक एका कचेरीने मोडीत काढलेला, आडवा, दप्तराएवढा. त्याला वीज पुरवणारा डबा 240 वॉटचा. आत कार्डासाठी खाच आहे, पण नेहमीच्या उंचीचे कार्ड तीत मावत नाही. अर्ध्या उंचीचे लागते. शिवाय अशा खाचेतून कार्डाला फार तर 75 वॉट वीज मिळते. त्याहून अधिक हवी तर वेगळी वायर जोडावी लागते आणि ती वायर आमच्या डब्याला मुळातच नाही. श्रीमंतांच्या घरी याच जातीची जी कार्डे असतात, त्यांतले एक, 2025 साली आलेले, एकटे 575 वॉट खाते. म्हणजे आमचा अख्खा संगणक दोनदा. 75 वॉट म्हणजे काय, हे मला नातीने छताकडे बोट दाखवून समजावले. आमचा जुना पंखा साधारण तेवढीच वीज घेतो. एका पंख्याच्या विजेत गणपती घडवायचा, असा तो हिशेब होता.

आता या मर्यादेत बसणारे काय काय मिळते, ते तिने वहीत लिहून आणले. सर्वांत स्वस्त होते जीटी 1030. सन 2017 चे, 30 वॉटचे, स्वतःची मेमरी 2 जीबी. दुसरे आरएक्स 6400. 2022 चे, 53 वॉट, 4 जीबी. पण बोर्डाशी देवघेव करायला त्याने चारच वाटा ठेवल्या आहेत. नव्या बोर्डावर त्या पुरतात, आमच्यासारख्या जुन्यावर अरुंद पडतात. शिवाय पडद्यावरच्या कामाची चित्रफीत झटपट बांधून देणारा भाग त्यात नाही. आणि हिला तर मूर्ती फिरतानाची फीत कारखान्याच्या मालकांना पाठवायची. तिसरे आरटीएक्स 3050, 6 जीबीचे. फेब्रुवारी 2024 मधले, 70 वॉट. पंख्याहून पाच वॉट कमीच. पण किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक.

मी वहीवर नजर फिरवली आणि पहिल्या नावावर बोट ठेवून म्हणालो, "हे पुरे आहे."

नात काही बोलली नाही. माझी थोरली बहीण तेव्हा आमच्याकडे आलेली होती. ती ओसरीवर बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारले, "तुला पुरे, की तिला पुरे?"

वाचकहो, या प्रश्नाला साठाहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. ताई सातवी झाली, तेव्हा पुढे शिकायचे तर रोह्याला जावे लागे. रेल्वे नव्हती, आपट्यापासून रोह्यापर्यंत रूळ आले ते 1986 साली. वडील म्हणाले, "मुलीच्या जातीला एवढे पुरे." घरची ओढाताण मी ऐकून होतो, त्यामुळे मलाही ते पटले. पुढे कित्येक वर्षांनी जुने कागद चाळताना ध्यानात आले, की बॅटरीवर चालणारा आमचा रेडिओ घरात आला तो त्याच वर्षी. त्या रेडिओवरची गाणी ऐकत मी मोठा झालो. वडील दुष्ट नव्हते. त्यांनी स्वतःसाठी दोन धोतरांवर वर्षे काढली. स्वतःला 'पुरे' म्हणण्याची सवय इतकी अंगी मुरली होती, की तोच शब्द दुसऱ्याला लावताना त्याचा अर्थ बदलतो, हे त्यांच्या लक्षातच आले नसावे. आणि त्या दिवशी, वहीवर बोट ठेवून, मी तरी दुसरे काय करत होतो?

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मुलांना सांगतो. चांगले सांगतो. पण अंथरूण कोणी अंथरले आणि ते किती हात होते, हे सांगायला विसरतो. आमच्या पेटीची मर्यादा खरी होती. 75 म्हणजे 75. ती नातीला जेवढी लागू तेवढीच मला. तिच्यावर कोणाला रागावता येत नाही. माझी 'पुरे'ची मर्यादा मात्र माझ्या बटव्यातून निघाली होती आणि ती मी काटकसरीच्या सोवळ्यात गुंडाळून पुढे केली होती. ब्लेंडर बनवणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की किमान 2 जीबीचे कार्ड लागते आणि 8 जीबी असावे. किमान म्हणजे ज्याच्याखाली काम चालतच नाही ते. मी त्यालाच पुरेसे म्हणत होतो. किमान आणि पुरेसे यांच्यामधल्या जागेत माणसाचे आयुष्य उभे असते. ताईचे सातवीपाशी थांबले ते याच जागेत.

यावर कोणी म्हणेल, मग काय, मुले मागतील ते द्यावे? तसे मला म्हणायचे नाही. शिल्प घडवताना बराचसा भार मुख्य प्रोसेसरवर आणि संगणकाच्या मेमरीवर पडतो; कार्डाची कसोटी लागते ती पुढे, मूर्तीवर प्रकाश पाडून तिचे पूर्ण चित्र काढताना. तेव्हा सारे दृश्य कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावे लागते, नाहीतर काम रखडते. हे मला नातीने सांगितले, आणि सांगताना स्वतःच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोन्ही सांगितले. जिला आपल्या गरजेविरुद्धचा पुरावाही मांडता येतो, तिला आपली गरज ठरवू द्यायला हरकत नसावी.

तिच्या वहीत आणखी एक नोंद होती, ती वाचून मी पुरता वरमलो. मी बोट ठेवलेले जीटी 1030 हे एक कार्ड नव्हे, दोन आहेत. पहिले 2017 चे. 2018 साली त्याच नावाखाली दुसरे आले, त्यात स्वस्त आणि मंद जातीची मेमरी. पहिल्याची मेमरी सेकंदाला 48 जीबी माहितीची नेआण करते, दुसऱ्याची 17 च्या आसपास. वेष्टनावर नाव एकच; फरक बारीक अक्षरांत. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण नावे ठेवतो, पण तो बिचारा निदान चोरून घालतो. 3050 चेही तसेच: 2022 साली त्याच आकड्याने आलेले 8 जीबीचे कार्ड 130 वॉटचे आहे. नुसते नाव सांगून मागवले असते तर आमच्या पेटीत ते मुके बसून राहिले असते. गिऱ्हाइकाला अंधारात ठेवून त्याच्या पदरात कमी टाकणे आणि घरच्या माणसाच्या वतीने त्याला न विचारता 'पुरे' म्हणून टाकणे, यांत फरक आहे खरा; पण त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला तो फार मोठा वाटला नाही.

शेवटी ठरले ते असे. जीटी 1030 ला जेवढे पैसे पडले असते तेवढे मी द्यायचे. वरची भर नातीने हंगामाच्या कमाईतून घालायची. निवड तिची. तिने 6 जीबीचे 3050 घेतले, अर्ध्या उंचीचे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला फोनवरून वॉटचा आकडा दोनदा वाचून दाखवायला लावला.

नवरात्रात कार्ड आले. तिने पेटी उघडली, आतली कचेरीची धूळ ब्रशाने झाडली, कार्ड खाचेत दाबले, टक् असा आवाज झाला. संध्याकाळी पडद्यावर एक मुखवटा उभा राहिला: सोंड, कान, कपाळाचा उंचवटा. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी.

"डोळे कुठे गं?" मी विचारले.

"ते हातानेच आखायचे, आबा. अजून शिकते आहे."

ताई खुर्ची ओढून जवळ बसली. मुखवटा सावकाश फिरत होता. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "याला वीज किती लागते म्हणालीस?"

"आपल्या पंख्याएवढी, आजी."

आश्विनातला उकाडा कोकणात कसा असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. ताई उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने पंखा बंद केला.

"चालू दे तुझे," ती म्हणाली, आणि पदराने वारा घेत पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली.