फरशी आणि प्रकार

अंबाजोगाईस आमच्या घरी शहाबादी फरशी बसली, तेव्हा भिंतीकडेचा प्रत्येक तुकडा गवंड्याने छिन्नीने तासला. दगडच तो, तासला म्हणून कोणाचे बिघडले नाही. परंतु वस्तूंचे प्रकार मुळात असतात की आपण पाडतो, हा प्रश्न मनात राहिला.

गणितात तरी उत्तर निःसंदिग्ध असावे, असे वाटते. नियमित पंचकोनाने जमीन झाकत नाही. तीन कोनांचे ३२४ अंश होऊन ३६ अंशांची फट उरते. अनियमित बहिर्वक्र पंचकोनांपैकी काही मात्र बसतात. १९६८ साली कर्शनर यांनी त्यांचे आठ प्रकार देऊन यादी पूर्ण झाल्याचे सांगितले. पुढे मार्जोरी राइस या अमेरिकन गृहिणीने, केवळ शालेय शिक्षणाच्या बळावर, चार नवे शोधले! २०१५ साली पंधरावा सापडला. यादी संपल्याची सिद्धता राव यांनी २०१७ साली दिली.

वैद्यकातही ‘टाइल’ आहे, पण ते आडनाव. अस्थिशल्यविशारद मार्व्हिन टाइल यांनी कटिरास्थिभंगाचे, स्थैर्य पाहून, ए, बी, सी असे तीन प्रकार केले. ऊसतोडणीस गेलेली आमच्याकडील बाई ट्रॉलीवरून पडली, तर क्ष-किरणचित्रावरून तिचा प्रकार ठरतो. तो ठरविलाच पाहिजे. त्यावाचून उपचार कसा योजावा? तथापि येथे सिद्धता नाही, निवाडा आहे. शिवाय तिने मुकादमाकडून घेतलेली उचल त्या चित्रात उमटत नाही. ती विचारणे वैद्याचे काम की नव्हे, यावर माझा एका डॉक्टर स्नेह्याशी वाद चालूच आहे.